छोटू केव्हा बोलणार?

मूल जन्मले की पहिल्या दिवसापासून त्याच्या कानावर तीन-चार भाषा पडणार, हे आमच्याकडे ठरलेलेच असते. त्यात कुणाला नवल वाटत नाही. आमचे गाव आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला मंडळात. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, मग आंध्र प्रदेशात गेला, आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. सरकारी पाट्या बदलत गेल्या; घरातली मराठी मात्र तशीच राहिली, आणि तीही पुस्तकातली नव्हे, वऱ्हाडी वळणाची. कचेरीत तेलुगू, बाजारात उर्दू, आणि कापूस वेचायला येणाऱ्या बायांच्या तोंडी गोंडी नि कोलामी. आमच्या गल्लीतले पाच वर्षांचे पोट्टे किराणा दुकानात एका भाषेत उधारी सांगते, घरी येऊन दुसऱ्या भाषेत मार खाते, आणि तिसऱ्या भाषेत रडते.

आई सांगते की माझा स्वतःचा पहिला शब्द मराठी नव्हताच. मी म्हणाले होते 'बुव्वा'. तेलुगूत लहान मुलांच्या भाताला बुव्वा म्हणतात. शेजारच्या आजी मला मांडीवर घेऊन भात भरवायच्या, त्यांच्याकडून तो उचलला. पुढे दोन-अडीच वर्षांची असताना मी 'मी जातो', 'मी खातो' असे मुलासारखे बोलत असे, कारण दिवसभर भाऊ आणि त्याचे सवंगडी यांच्यात असायची. तेलुगूत ही पंचाईत नाही. तिथे 'मी जाते' आणि 'मी जातो' यांना एकच रूप. मला मराठीतला फरक कुणी बसून शिकवला नाही. एके दिवशी आपोआप मी 'जाते' झाले.

हे सारे सांगते ते माझ्या भाच्यासाठी. घरी त्याला सगळे छोटू म्हणतात, इथेही तेच नाव ठेवते. मासिकासाठी काहीतरी लिहा असे सरांनी सांगितले तेव्हा मी प्रवासवर्णन लिहिणार होते. पण गेली काही वर्षे मनात हेच घोळते आहे, म्हणून हेच लिहिते.

छोटूचा जन्म ऑगस्ट २०२१चा, निर्मळचा. वहिनीचे माहेर तिथले आणि माहेरची भाषा तेलुगू. तीन महिन्यांनी ती त्याला घेऊन आमच्याकडे आली. बाळ गुटगुटीत, हसरे. हुंकार देई, आ-ऊ करी. वेळेवर बसला, वेळेवर रांगला, अकराव्या महिन्यात उभा राहिला. वर्षाचा झाल्यावर 'बाबा' म्हणाला, त्या दिवशी भावाने गल्लीत पेढे वाटले. मग 'मम' म्हणू लागला: पाणी मम, भात मम, आईही मम. आणि तिथेच थांबला.

दीड वर्ष झाले तरी तेवढेच. आई म्हणाली, मुलगे उशिराच बोलतात. काकू म्हणाल्या, तुझा नवराही तीन वर्षांचा होईपर्यंत मुका होता. (हे खोटे आहे. माझा भाऊ दोन वर्षांचा असताना शिव्या देत असे, असे आईच सांगते.) कुणी जिभेला मध लावायला सांगितले, कुणी टाळूला वेखंड. मी त्या वेळी इथे बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. फोनवर मीही म्हणाले, "होईल ग वहिनी, काळजी करू नकोस." कानाचा विचार कुणाच्याच मनात आला नाही. येणार कसा? ताट पडले की छोटू दचकायचा. ट्रॅक्टरचा आवाज आला की दाराकडे धावायचा. समोर उभे राहून 'छोटू' म्हटले की हसायचा. ऐकू येते, हे आम्ही सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते!

एप्रिल २०२३मध्ये भाऊ त्याला एका मोठ्या गावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी जीभ पाहिली, वजन केले, आणि विचारले, "घरी कोणत्या भाषा बोलता?" भावाने खरे ते सांगितले. डॉक्टर म्हणाले, "मग पोर गोंधळणारच. एकच भाषा ठेवा." पाच मिनिटांत काम झाले. कान तपासले नाहीत.

आता एक भाषा कोणती, हा प्रश्न आमच्या घरात प्रश्नच नव्हता. घर मराठी, बापाची भाषा मराठी, गल्ली बरीचशी मराठी. तेव्हा मराठी. म्हणजे गप्प बसायचे ते वहिनीने. तसे कुणी तिला तोंडावर म्हटले नाही. "एवढे दिवस मराठीच बोल ना त्याच्याशी," इतकेच म्हटले. आणि त्यात मीही होते. मी इथून मोठ्या उत्साहाने एक वही भरून पाठवली: चिऊ, काऊ, माऊ, भूभू, हम्मा, भुर्र, गाई गाई. मला वाटले मी मदत करते आहे.

वहिनीला मराठी येत नव्हती असे नाही. भाजी घेण्यापुरती, सासूशी बोलण्यापुरती चांगली येत होती. पण बाळाशी माणूस जे बोलते ते कामापुरते नसते. ते निम्मे निरर्थक असते, यमके जुळवलेले असते, आपल्या आईने आपल्याशी जे बडबडले त्याचे उरलेले असते. ते तिच्याकडे मराठीत कुठून येणार? दिवाळीत मी घरी गेले तेव्हा पाहिले. ती छोटूला न्हाऊ घालत होती आणि गप्प होती. मधेच "हात... हात वर," असे म्हणाली, वहीत पाहून म्हटल्यासारखे. तिची आई निर्मळहून फोन करी, तेव्हा ती फोन घेऊन अंगणात जाई, मुलाच्या कानावर तेलुगू पडू नये म्हणून. निर्मळच्या अम्मम्मांना तर नातवाशी फोनवर बोलायचीही बंदी झाली होती. सात महिने हे चालले. छोटूच्या शब्दांत एकाचीही भर पडली नाही. उलट घरात एक माणूस कमी बोलू लागले.

खरे काय ते आमच्या घरातल्या कुणाच्या लक्षात आले नाही. ते आले कापूस वेचायला येणाऱ्या एका गोंड बाईच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. शाळेत कधी गेल्या नाहीत; गोंडी, मराठी, तेलुगू तिन्ही बोलतात. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मला सर्दी झाली होती, म्हणून तोंडाला मास्क लावून मी छोटूला लाडू दाखवून विचारत होते, "छोटू, लाडू पाहिजे? लाडू?" तो माझ्या मास्ककडे पाहात राहिला, नंतर त्याने हात वर करून तो ओढला. मला हसू आले. मावशी ओसरीवर बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, हे लेकरू कानानं नाय आयकत. डोयानं आयकते."

मग त्यांनीच करून दाखवले. त्याच्या मागे उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात हाक मारली. काही नाही. जरा मोठ्याने मारली. काही नाही. पाय आपटला, तसा तो वळला. जमीन हादरली होती.

त्या रात्री घरात कुणी नीट जेवले नाही. भाऊ म्हणत होता, "अरे पण ताट पडल्यावर तो वळतो!"

गावातल्या अंगणवाडीच्या ताईंनी पुढचा रस्ता सांगितला. लहान मुलांच्या तपासणीसाठी २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालतो, त्याचे पथक अंगणवाडीत येते. त्यांच्याकडून चिठ्ठी मिळाली आणि जानेवारी २०२४मध्ये आम्ही सिकंदराबादला निघालो. मुंबईला १९८३ साली बहिरेपणासाठी स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिचे विभागीय केंद्र तिथे आहे. (ज्यांचे नाव संस्थेला आहे ते मूळचे हैदराबादचे आणि शेवटी महाराष्ट्राचे राज्यपाल. आमच्यासारखेच दोन्हीकडचे, असे मला उगीचच वाटले.) झोपेत करायची तपासणी होती, म्हणून मुलाला आदल्या रात्री फार झोपू देऊ नका असे सांगितले होते. रात्रीची एस.टी., तीनशेएक किलोमीटरचा रस्ता, आणि आम्ही तिघे एका अडीच वर्षांच्या मुलाला जागे ठेवतो आहोत. भाऊ टाळ्या वाजवी, मी गुदगुल्या करी. शेजारचे प्रवासी वैतागले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उर्दूत विचारले, बच्चे को सोने क्यों नहीं देते? भावाने कारण सांगितले. पुढे ते गृहस्थही टाळ्या वाजवू लागले.

त्या तपासणीला बेरा म्हणतात. मुलाला झोपवतात, डोक्याला तारा चिकटवतात, कानात बारीक आवाज सोडतात, आणि मेंदूपर्यंत काय पोचते ते यंत्रावर उमटते. मुलाने 'ऐकू आले' असे सांगण्याची गरजच नाही. निकाल असा आला: दोन्ही कानांत मध्यम प्रतीचा दोष, आतल्या कानाचा, औषधाने जाणारा नव्हे. सुमारे ५० डेसिबलच्या खालचे त्याला काहीच ऐकू येत नाही, आणि बारीक, तीक्ष्ण ध्वनींच्या बाबतीत कान त्याहूनही अधू. आपण समोरासमोर बसून साधे बोलतो ते साधारण ६० डेसिबलचे असते.

तिथल्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी आम्हाला जे समजावले ते मी आयुष्यभर विसरणार नाही. आपल्या बोलण्यात स्वर जोरकस असतात. आ, ओ, ऊ हे दुरूनही कानी पडतात. म, ब ही व्यंजने भारी आवाजाची, शिवाय ती ओठांवर दिसतात. पण स, श, क, त ही फार हलकी असतात आणि बरीचशी तोंडाच्या आत घडतात. छोटूला वाक्यातले स्वर तेवढे पोचत होते, व्यंजने गळून जात होती. 'काकी' काय नि 'साडी' काय, त्याला दोन्ही 'आ-ई'. म्हणून तो 'बाबा' म्हणाला, 'मम' म्हणाला, आणि पुढे जाऊ शकला नाही. आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. तो बिचारा कानावर येणाऱ्या सगळ्या मालाचा पुरेपूर उपयोग करत होता.

वहिनीने तेलुगूत विचारले, "आता याच्याशी कोणत्या भाषेत बोलू?" बाईंनी तेलुगूतच उत्तर दिले, "तुम्ही ज्या भाषेत रागावता आणि लाड करता त्या भाषेत." वहिनी काही बोलली नाही. परतीच्या एस.टी.त मात्र ती जी बोलू लागली ती निर्मळ येईपर्यंत थांबली नाही. मूल मांडीवर झोपलेले, कानांना अजून यंत्रे नाहीत, त्याला त्यातले अक्षरही ऐकू येत नव्हते. तिला ते कळत होते. तरी बोलत होती. सात महिन्यांचे साचलेले होते.

इथे परतल्यावर मी वाचनालयात मानसशास्त्राची पुस्तके काढून बसले. आधी काढायला हवी होती. मूल आईच्या पोटात असतानाच, शेवटच्या महिन्यांत, ऐकू लागते. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांतच ते आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजातून ओळखते, हे अमेरिकेतल्या डीकॅस्पर आणि फायफर या दोघांनी १९८०मध्ये दाखवले. १९८४चा एक प्रयोग तर आपल्याच वर्णमालेचा आहे. कॅनडातल्या वर्कर आणि टीस यांनी हिंदीतले 'त' आणि 'ट' इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या मुलांना त्यांतला फरक कळत होता. वर्ष भरता भरता तो कळेनासा झाला, कारण घरात त्याचे काम पडत नव्हते. म्हणजे पहिल्या वर्षात मूल नुसते ऐकत नसते, निवडत असते. ते वर्ष आमच्या छोटूला अर्धेच मिळाले.

आणि भाषांच्या गोंधळाविषयी म्हणाल, तर डॉक्टरांचे ते वाक्य मला कुठल्याही चांगल्या पुस्तकात सापडले नाही. दोन भाषांतले मूलही पहिला शब्द साधारण वर्षाच्या सुमाराला बोलते, दीड ते दोन वर्षांत दोन शब्द जोडते. त्याचे शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे. 'पाणी'ही धरायचे आणि 'नीळ्ळु'ही. दोन वर्षांच्या मुलाकडे पन्नासएक शब्द नसतील, दोन शब्दांची जोडी नसेल, तर दोष भाषांना देण्याआधी कान तपासायचे. तो एकभाषी असो की चौभाषी.

गोंधळ म्हणाल तर आमच्या गल्लीतली पोरे पाहावीत. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' हे निराळे: ऐकणाऱ्याला धरून की सोडून. तेलुगूत तसेच 'मनमु' आणि 'मेमु'. गोंडीतही हा भेद आहे. उर्दूत मात्र दोन्हीला 'हम'. आमच्याकडचे तीन वर्षांचे मूल मराठीत "आम्ही जत्रेला जाणार" म्हणते, आणि ज्याला नेणार नाहीत त्याला ते बरोबर झोंबते. व्याकरण चुकत नाही. माझी खोलीतली मैत्रीण विजयपूरकडची. ती म्हणते कन्नडमध्येही दोन्हीला 'नावु'च, त्यामुळे आमच्याकडे कुणाला वगळायचे तर वेगळे सांगावे लागते. तिलाही हा लेख दाखवणार आहे. बहिऱ्या आणि बोलण्यात अडचण असलेल्या मुलांसाठी १९६५ साली निघालेली अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था त्यांच्या म्हैसूरलाच आहे, आणि तिला ते ठाऊक नव्हते. मला तरी आमच्या सिकंदराबादचे कुठे ठाऊक होते?

आणखी एक गोष्ट मला अलीकडे कळली. १९४०च्या दशकात हायमेनडॉर्फ नावाचे मानववंशशास्त्रज्ञ आमच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात मारलवाई गावी राहिले. गोंड मुलांसाठी ज्या शाळा त्यांनी सुरू करवल्या त्यांची पहिली पुस्तके गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत होती, कारण तिथल्या गोंडांना मराठीचा परिचय होता. ऐंशी वर्षांपूर्वी त्या जंगलात घरची भाषा आणि शेजारची लिपी एका पुस्तकात सुखाने नांदली. आम्ही मात्र एका आईला वही पाठवत होतो.

असो. मार्च २०२४मध्ये सरकारी योजनेतून दोन यंत्रे मिळाली. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागला, त्याची वेगळी कथा आहे. यंत्रे लावली त्या दिवशी छोटू रडला. सिनेमात दाखवतात तसे काही झाले नाही. तो रडला आणि त्याने ती काढून फेकली. एक आमच्या पाण्याच्या माठात सापडले. हळूहळू सवय झाली. कानातला साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारते, आणि मुलाचा कान वाढतो म्हणून साचा काही महिन्यांनी नवा करावा लागतो. म्हणजे पुन्हा एस.टी., पुन्हा सिकंदराबाद, भावाची दोन दिवसांची मजुरी बुडते. बॅटऱ्या मोजून वापराव्या लागतात. निर्मळच्या अम्मम्मा आता महिन्याला आठ दिवस येऊन राहतात आणि त्याच्याशी अखंड बोलतात. मावशी येता-जाता गोंडीत हाक मारतात. 'वद्दु' हा त्याचा नवा शब्दांतला पहिला, म्हणजे 'नको'. कोणत्याही भाषेत मुलांना हाच आधी लागतो.

त्याचे बोलणे अजून मागे आहे. तो आता चार वर्षांचा आहे आणि बोलतो अडीच वर्षांच्या मुलासारखा. 'स' त्याला अजून येत नाही. ते सात महिने आमच्या हातून गेले, ते कसे भरून काढायचे हे मला ठाऊक नाही. वहिनीने मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. माझी वही तिने ठेवली आहे; तिच्या मागच्या पानांवर ती आता त्याचे शब्द लिहून ठेवते, तेलुगू लिपीत, भाषा कोणतीही असो.

सप्टेंबर २०२४मध्ये, गणपतीच्या दिवसांत, तिने मला फोन लावला आणि चित्रात छोटूला समोर धरले. मी इथे वसतिगृहाच्या जिन्यात उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिले, यंत्राला हात लावला, आणि म्हणाला, "आत्या ला."

पहिल्यांदाच दोन गोष्टी एकत्र! मी ओरडलेच. मागून आई म्हणाली, "बघ, 'आत्याला' म्हणतो. आत्याला दाखव म्हणतो." वहिनी म्हणाली, नाही, 'आत्या, रा' म्हणतो आहे, त्याला 'र' कुठे येतो, 'र'चा 'ल' करतो. तेलुगूत 'रा' म्हणजे 'ये'. आईला ते पटले नाही. दोघी फोनवरच वाद घालू लागल्या, एक मराठीत, एक तेलुगूत, आणि माझ्याकडे बघायचे सोडून छोटू एकदा हिच्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघत बसला. वहीत ते वाक्य वहिनीने दोन्ही अर्थांनी लिहून ठेवले आहे. दसऱ्याला मी गावी गेले.